म्हणेबाईंचा तास

शाळेत त्यांना म्हणेबाई म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. टपालवालासुद्धा "म्हणेबाईंचं पत्र" असं ओरडत फाटकातून आत यायचा, आणि बाई वर्गाच्या खिडकीतून हात बाहेर काढून पत्र घ्यायच्या. या नावाचा त्यांना राग नव्हता. उलट कुणी खरं नाव घेऊन हाक मारली, की त्या हातातला खडू आधी खाली ठेवायच्या. खऱ्या नावानं फक्त कचेरीतून बोलावणं येतं, हा बावीस वर्षांचा अनुभव होता.

नाव पडलं ते एका वाघामुळे. नोकरीचं दुसरं वर्ष होतं आणि चौथीचा इतिहास त्यांच्याकडे नुकताच आला होता. इतिहास म्हणजे तेव्हा काय, तर बाईंनी पुस्तक वाचायचं, मुलांनी जांभया द्यायच्या आणि शनिवारी रिकाम्या जागा भरायच्या. एका दुपारी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, माझ्या आजोबांनी एका हातानं वाघ मारला."

"तू पाहिलंस?"

"नाही."

"मग तुला कसं कळलं?"

"आजोबा सांगतात."

"मग असं म्हण, आजोबांनी वाघ मारला म्हणे."

मुलानं तसं म्हणून पाहिलं आणि त्याचं त्यालाच हसू फुटलं. त्या एका शब्दानं वाघ चांगलाच लहान झाला होता. वर्ग खिदळला, पण बाई हसल्या नाहीत. त्या फळ्यापाशी गेल्या आणि वरच्या कोपऱ्यात त्यांनी तीन शब्द लिहिले: पाहिलं, म्हणे, असेल. आपल्या डोळ्यांनी पाहिलं असेल तर 'पाहिलं'. कुणी सांगितलं किंवा कुठं वाचलं असेल तर 'म्हणे'. आणि नुसताच तर्क असेल तर 'असेल'. इतिहासाच्या तासाला प्रत्येक वाक्याच्या शेपटीला यातलं काहीतरी लावायचं. लावलं नाही तर वाक्य परत.

नऊ वर्षांच्या मुलांना नियम आवडत नाहीत असं कुणी सांगितलं? दुसऱ्याला पकडता येणार असेल तर फार आवडतात. महिन्याभरात चौथीची मुलं एकमेकांच्या शेपट्या तपासायला लागली. एका मुलीनं गैरहजेरीची चिठ्ठी स्वतःच लिहून आणली: 'मला काल ताप आला होता म्हणे.' का, तर ती झोपेत होती आणि ताप आईनं पाहिला होता. दुसऱ्या एकानं रात्री जेवताना आईला सांगितलं, "बाबा ऑफिसात होते म्हणे." आई हसून हसून बेजार झाली. बाबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेच्या दारात उभे होते, आणि बाईंना त्यांची समजूत घालता घालता नाकी नऊ आले.

"म्हणे म्हणजे खोटं नव्हे हो," बाई सगळ्यांना सांगायच्या. "म्हणे म्हणजे एवढंच, की आपण तिथं नव्हतो."

एवढं साधं वाक्य, पण मोठ्या माणसांच्या डोक्यात ते कधी शिरलं नाही. मुलांच्या मात्र पहिल्या आठवड्यात शिरायचं. त्या तासात मुलं पुस्तकातल्या राजाला घाबरत नसत, त्याची चौकशी करत. हे कुणी लिहिलं, तो तिथं होता का, नसेल तर त्याला कुणी सांगितलं. बाईंना गणितही चांगलं यायचं, कविताही त्या बऱ्या म्हणायच्या. पण आपल्याला एकच गोष्ट खरी जमते आणि ती म्हणजे चौथीचा इतिहासाचा तास, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरी नवरा-बायको दोघंच. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायचा आणि संध्याकाळी बायकोकडून स्वतःच्या काढून घ्यायचा. "मी चांगला माणूस आहे म्हणे," तो चहा ओतताना म्हणायचा. "म्हणे नाही," बाई सांगायच्या, "असेल."

आणि शेजारीण होती.

शेजारीण म्हणजे तिसरीच्या बाई. दोन वर्गांच्या मधे नुसत्या लाकडी फळ्यांची भिंत, त्यामुळे हे नाव. दोघी एकाच वर्षी लागल्या, एका बाकावर बसून डबा खायला लागल्या. एका फळीची गाठ निखळून भोक पडलं होतं, त्यातून खडू, डोकेदुखीची गोळी आणि कधीकधी हेडसरांची नक्कलही पलीकडे जायची. शेजारणीचं अक्षर असं, की तिनं लिहिलेलं वाण्याचं बिलसुद्धा फाडवत नसे. वाघाच्या प्रकरणानंतर तिनंच म्हटलं होतं, "अगं, फळ्यावर काय लिहितेस रोज? पुसलं जातं. मी तक्ता करते." आणि तिनं दोन तक्ते केले, लाल आणि काळ्या शाईत. एक चौथीसाठी, एक तिसरीसाठी. "माझ्याकडेच सुरुवात करते," ती म्हणाली. "म्हणजे तुझ्याकडे पोरं शेपटीसकट येतील." तेव्हापासून तिसरीत म्हणे सुरू व्हायचं आणि चौथीत पिकायचं. नाव मात्र एकटीलाच पडलं. शेजारणीला त्याचं वाईट वाटत असेल असं बाईंच्या मनातही आलं नाही, आणि इथं आपण एवढंच म्हणू शकतो की, यायला हवं होतं.

यंदाच्या चौथीत एक मुलगी होती, तिला सगळे शंका म्हणत. दोन घट्ट वेण्या आणि हात कायम वर. पुस्तकातल्या एका लढाईचं साल चौदाव्या पानावर एक होतं आणि एकतिसाव्या पानावर दुसरं, हे तिनंच शोधून काढलं. बाईंना कोण आनंद झाला. त्यांनी वर्गाला सांगितलं, "पुस्तक माणसंच लिहितात, त्यातही चूक असू शकते." मग सगळ्या वर्गानं मिळून पुस्तक छापणाऱ्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

पावसाळा संपता संपता तपासणी आली. तपासणीसाहेब नवीन होते. नवीन साहेबाला सगळ्यात आधी काहीतरी सापडावं लागतं. ते चौथीच्या वर्गात खुर्चीत बसले आणि त्यांनी सोप्यात सोपा प्रश्न विचारला, "आपल्या शाळेचं उद्घाटन कुणी केलं?" नाव फाटकाजवळच्या दगडी पाटीवर कोरलेलं होतं. शंकाचा हात वर. तिनं ते नाव बरोबर सांगितलं आणि शेवटी जोडलं, "म्हणे."

"म्हणे म्हणजे? झालं नाही की काय उद्घाटन?"

"झालं असेल. पाटीवर लिहिलंय. मी तेव्हा नव्हते." मग तिनं अगदी सभ्यपणे विचारलं, "तुम्ही होतात?"

साहेब तेव्हा जन्मलेही नव्हते. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आणि पुस्तकात लिहिलंय ते?"

"तेही म्हणे."

"आणि तुमच्या बाई सांगतात ते?"

"तेसुद्धा म्हणे," शंका म्हणाली. "बाईंनीच सांगितलंय. आणि पुस्तकात चूक असू शकते, हेही सांगितलंय. ते मी स्वतः ऐकलं."

तिनं एकही शब्द खोटा सांगितला नाही. बाईंना त्या क्षणी भीती वाटली आणि अभिमानही वाटला, आणि अभिमान जास्त होता. साहेबांनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि ते शेजारच्या वर्गात गेले. पलीकडे तिसरीची मुलं एका सुरात उत्तरं देत होती. कुठल्याच उत्तराला शेपूट नव्हती. बाईंना वाटलं, पोरं बिचारी घाबरली.

दोन दिवसांनी त्या खडू मागायला तिसरीत गेल्या, तेव्हा भिंतीवर तक्ता नव्हता. चार टाचण्यांची भोकं होती आणि मधे भिंतीचा उजळ चौकोन.

"फाटला गं," शेजारीण म्हणाली. "नवा करायचाय."

बाईंनी मान डोलावली. दुसऱ्या कुणाला त्यांनी लगेच विचारलं असतं, कधी फाटला, कुणी पाहिला. शेजारणीला विचारायचं त्यांना सुचलंच नाही.

मग चौकशी लागली. 'सदर शिक्षिका पाठ्यपुस्तकाविषयी मुलांच्या मनात अविश्वास निर्माण करतात', असा साहेबांचा शेरा होता. हेडसर माणूस वाईट नव्हते, फक्त त्यांना निवृत्तीला सात महिने उरले होते आणि ते सात महिने त्यांना काचेच्या भांड्यासारखे घरी न्यायचे होते. त्यांनी बाईंना कचेरीत बोलावून सांगितलं, "एका सहकाऱ्याचा जबाब लागेल. तिसरीच्या बाईंचाच घेतो, वर्ग शेजारी आहे. जबाबावर ठरेल. ठीक आला तर तास तुमच्याकडे राहील, नाहीतर काढून घ्यावा लागेल. माझ्या हातात काही नाही."

बाईंचा जीव भांड्यात पडला. शेजारणीचा जबाब म्हणजे काय प्रश्नच मिटला. भोकातून आवाजही आला, "काळजी करू नकोस गं. मी आहे ना." त्या संध्याकाळी बाईंनी नवऱ्याला सांगितलं की काही होणार नाही. नवरा म्हणाला, "म्हणे?" बाई म्हणाल्या, "नाही. हे मी बावीस वर्षं पाहिलंय."

जबाबाची प्रत सोमवारी मधल्या सुट्टीत हातात पडली. अक्षर बघूनच बाईंना बरं वाटलं, इतकं ते ओळखीचं आणि देखणं होतं. मग त्या वाचायला लागल्या. 'सदर शिक्षिका पुस्तकातील इतिहास खोटा आहे असे मुलांना सांगताना मी प्रत्यक्ष पाहिले आहे. सदर पद्धत त्यांची एकटीची असून तिच्याशी माझा काहीही संबंध नाही.' खाली छापील रकाना होता: 'संबंधित व्यक्तीशी नाते अथवा मैत्री असल्यास.' आणि त्यापुढे, त्याच वळणदार अक्षरात: 'नाही. संबंध कामापुरताच.'

त्यांनी कागद पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचला. अक्षर तेच होतं. मुलं मैदानावर ओरडत होती, नळापाशी रांग लागली होती, आणि बाईंना आपल्या डब्याचं झाकण लावता येईना. तिनं केसानं गळा कापला होता, आणि शुद्धलेखनाची एकही चूक न करता.

त्या तिसरीच्या वर्गात गेल्या. शेजारीण वह्या तपासत होती. तिनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"तू पाहिलंस?" बाईंनी विचारलं.

"काय?"

"खोटा आहे असं म्हणताना मला तू पाहिलंस?"

"अगं, जबाबात तसंच लिहावं लागतं. 'म्हणे' असं कुणी जबाबात लिहितं का?"

"तक्ता तू केलास."

"हो ना," शेजारीण म्हणाली. आता तिचा आवाज खाली गेला होता. "म्हणूनच. माझं अक्षर सगळ्यांना माहीत आहे. साहेबांनी तुझ्या भिंतीवरचा तक्ता बघून मला विचारलं, हे कुणाचं? मी म्हटलं, तिनं करून घेतला माझ्याकडून, कशासाठी ते मला ठाऊक नाही. एकदा तसं म्हटल्यावर पुढं तेच लिहावं लागलं."

"मला सांगितलं असतंस तर मी लिहून दिलं असतं की तुझा संबंध नाही. मी घेतलं असतं माझ्या अंगावर."

"तुला काय, तुझं सगळं निभतं. आईबापांना तू माहीत, पोरांना तू माहीत. मला या शाळेत कोण ओळखतं? तिसरीच्या बाई, अक्षर छान. एवढंच."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर बाईंना सोपं गेलं असतं. त्यांना उभ्या जागी पोरकं झाल्यासारखं वाटलं. राग नंतर येणार होता, आत्ता नुसतीच लाज वाटत होती, आणि लाज कसली ते कळत नव्हतं.

"आणि खालचा रकाना?"

"त्या रकान्यात काहीतरी लिहावं लागतं," शेजारीण म्हणाली आणि तिनं पुढची वही ओढली.

बुधवारी दोघींना कचेरीत सह्यांसाठी बोलावलं. हेडसरांनी नियमांचं पुस्तक उघडूनच ठेवलं होतं. "तुमचं काही म्हणणं असेल तर आत्ताच सांगा," ते बाईंना म्हणाले. "जबाबातली एखादी गोष्ट खोटी निघाली तर तो बाद होतो. जवळच्या माणसाचा निघाला तरी बाद होतो. मग मी तसा शेरा मारतो आणि तास तुमच्याकडे. नाहीतर सही करा."

बाईंना 'प्रत्यक्ष पाहिले' यावर बोलता आलं असतं. पण ते हिचं म्हणणं विरुद्ध तिचं म्हणणं झालं असतं. त्यांनी बोट सरळ खालच्या रकान्यावर ठेवलं. "हे खोटं आहे."

"कामापुरता संबंध नाही?"

"तुम्ही आम्हाला रोज एका बाकावर जेवताना पाहता, सर."

"जेवताना पाहतो," हेडसर सावधपणे म्हणाले. "मैत्री पाहिली असं मला लिहून देता येणार नाही."

"माझी आई गेली तेव्हा हिनं चाळीस दिवस मधली फळी काढून दोन्ही वर्ग सांभाळले."

"ती शाळेची सोय झाली."

"हिच्या मुलीच्या वेळी मी दवाखान्यात होते. हिचा नवरा परगावी होता, ऑपरेशनच्या कागदावर मी सही केली आहे. तो कागद असेल त्यांच्याकडे."

हेडसर पहिल्यांदाच पुढं सरकले. "हे चालेल. कागद आहे म्हणता. त्यावर तुमचं नातं काय लिहिलंय?"

"बहीण," बाई म्हणाल्या.

"तुम्ही बहिणी आहात?"

"नाही."

"म्हणजे खोटं लिहिलंत."

"डॉक्टर म्हणाले, नात्यातलं माणूस लागेल. ही टेबलावर होती. मी लिहिलं."

आयुष्यात बाईंनी कागदावर एकच गोष्ट खोटी लिहिली होती, आणि आज पुरावा म्हणून त्यांच्याकडे तेवढीच होती. हेडसरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना खरोखर वाईट वाटलं असेल. "तो कागद मी लावला तर उलट तुमच्यावरच येईल," ते म्हणाले. "आता या बाई स्वतः म्हणाल्या की रकान्यात चूक झाली, तर प्रश्नच नाही. मी आत्ता खोडतो."

बाई खुर्चीतल्या खुर्चीत वळल्या. शेजारीण पदराच्या टोकाची घडी घालत होती. पुन्हा उलगडत होती.

"तासाचं राहू दे," बाई म्हणाल्या. "तास तू घे. बाकी सगळं तुझं खरं धरते मी, तक्ताही माझाच. फक्त एवढं सांग सरांना. कामापुरता होता का गं?"

शेजारणीनं वर पाहिलं. बाईंकडे नाही, हेडसरांच्या मागच्या घड्याळाकडे. अकराला पाच कमी होती. क्षणभर तिचे ओठ हलले आणि बाईंना वाटलं, आता ती 'ताई' म्हणेल. त्या दवाखान्यातल्या दिवसानंतर ती कधीकधी, दोघीच असताना, तसं म्हणायची.

"लिहिलंय ते बरोबर आहे, सर," शेजारीण म्हणाली.

हेडसरांनी पेन पुढं केलं. बाईंनी सही केली. अक्षर नेहमीसारखंच गिचमिड आलं. घंटा झाली. मुलांच्या धावण्याचा आवाज व्हरांड्यातून जवळ आला आणि वर्गावर्गांत विरून गेला.

"मी निघू का सर?" शेजारणीनं विचारलं. तिनं टेबलावरची खडूची पेटी उचलली होती. "आता चौथीला इतिहास आहे."